तळी हिरवी झाली ऑक्टोबरात, फॉस्फरस आला जुलैत : राजापूरकडच्या एका वाडीचं प्रकरण

प्रकरण राजापूर तालुक्यातल्या एका वाडीचं आहे. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही कारण तिथलं भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. वर जांभ्याचा सडा (उघडं पठार), सड्याच्या कडेपासून खाली उतारावर हापूसची कलमं, मधून एक पऱ्या (पावसाळी ओढा) उतरतो, पऱ्याच्या दोन्ही अंगाला भाताची खाचरं आणि सगळ्यात खाली देवळाची तळी. पावसात पऱ्याचं पाणी तळीत शिरतं, जास्तीचं पलीकडून वहाळाला आणि तिथून खाडीला. तळीचं पाणी प्यायला कोणी वापरत नाही, पण गुरं, कपडे, देवळातली कामं आणि दिवाळीनंतर वायंगणीला (उन्हाळी भाताला) नि भाजीच्या वाफ्यांना तेच पाणी.

पाऊस गेला आणि ऑक्टोबरात तळी हिरवी झाली. पायरीवर शेवाळ धरतं तशी हिरवी नव्हे, अख्खं पाणीच पोपटी, वारा ज्या काठाला ढकलेल तिथे जाड थर, हात बुडवला तर बोटांना रंग लागतो. गुरं तोंड लावेनात. दिवाळीच्या सुमारास पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले तेव्हा मात्र गावात बैठक झाली.

संशय कोणावर असणार, वरच्या बागायतदारावर. त्यांना गावात सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. "कलमांना पोती पोती खत टाकलंन आणि आमची तळी नासवलीन" असं थेट तोंडावर बोलून झालं. कोणी म्हणालं खत नाही, कल्टार, आंब्याला मोहोर यावा म्हणून देतात ते औषध. कोणी म्हणालं गणपती विसर्जनामुळे. गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परत जाऊन व्हॉट्सॅपवरून रोज नवीन थिअरी पाठवत होते ती वेगळीच. माझं शिक्षण कृषीतलं, काम माती-पाणी तपासणीचं आणि वाडीत माझं आजोळ, त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोन मलाच.

कल्टारचं आधीच निकालात काढते. ते पॅक्लोब्युट्राझॉल, त्याच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन, क्लोरीन, नायट्रोजन, ऑक्सिजन आहे, फॉस्फरसचा एक अणूही नाही, आणि तळी हिरवी होते ती फॉस्फरसमुळे, का ते पुढे सांगते. त्याचे दुसरे प्रश्न असतील, पण तळी हिरवी करायचं काम त्याचं नाही. विसर्जनाचं निर्माल्य थोडं खतपाणी घालतं हे खरं, पण निर्माल्य दरवर्षीच पडतं आणि तळी दरवर्षी अशी होत नव्हती.

दोन रिपोर्ट आणि दोन्ही निरुपयोगी

ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना लॅबला दिला होता. रिपोर्टात सामू (पीएच), क्षार, कठीणपणा, नायट्रेट, लोह, कोलिफॉर्म सगळं होतं, फॉस्फरसचा रकानाच नव्हता. यात लॅबची काही चूक नाही. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, त्यात फॉस्फेटला (पाण्यात फॉस्फरस मुख्यतः याच रूपात असतो) मर्यादाच दिलेली नाही, कारण पाण्यात सापडतो तेवढ्या फॉस्फेटने माणसाला थेट काही होत नाही, जे व्हायचं ते तळ्याला होतं.

दुसरा कागद अण्णांचा. बागेच्या मातीची तपासणी, त्यात लिहिलेलं, उपलब्ध स्फुरद : कमी. स्फुरद हे फॉस्फरसचंच शेतीतलं नाव. तो कागद घेऊन ते सगळीकडे फिरत होते की बाबांनो माझ्याच मातीत स्फुरद नाही तर तुमच्या तळीत माझा येणार कुठून. ऐकायला बिनतोड वाटतं ना? अर्धी वाडी तिथेच गप्प झाली होती.

पण त्या रिपोर्टात शब्द आहे "उपलब्ध". जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर, तो लाल रंगच लोहाचा, आणि सामू साधारण ५ ते ६. अशा मातीत फॉस्फेट पडलं की त्या ऑक्साइडांना फणसाच्या चिकासारखं चिकटतं. झाडाला मिळत नाही, तपासणीच्या द्रावणातही फारसं सुटत नाही, म्हणून रिपोर्ट म्हणतो कमी. मातीतून ते कुठे गेलेलं नसतं, तिथेच असतं. त्यात आणखी एक भानगड म्हणजे पद्धत. ओल्सन पद्धत ही मुळात उदासीन नि चुनखडीच्या जमिनींसाठी काढलेली, आपल्यासारख्या आम्ल जमिनीला ब्रे पद्धत बरी, पण रिपोर्टावर कुठली वापरली हे किती जण बघतात? अण्णांच्या कागदावर ओल्सन होतं. आणि दोन्ही पद्धती फक्त उपलब्ध भागाबद्दल बोलतात, एकूण साठ्याबद्दल नाहीच.

दुसरी गोष्ट मला बैठकीत समजावून सांगायला सगळ्यात जड गेली. पिकाच्या मुळांभोवतीच्या पाण्यात लिटरला साधारण ०.२ मिलिग्रॅम फॉस्फरस असला की बहुतेक पिकांचं भागतं, त्याखाली पीक उपाशी. साचलेलं पाणी मात्र ०.०३ च्या आसपासच हिरवट व्हायला लागतं. म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाने जे "कमी" ते तळीच्या हिशोबाने सातपट जास्त. दोघं खरं बोलत होते, मोजपट्ट्या वेगळ्या.

फॉस्फरसच का, युरियाचं नायट्रोजन का नाही, असं एका पोराने विचारलं, प्रश्न चांगला होता. कॅनडात ओंटारियो प्रांतात २२६ नंबरचा एक लहान तलाव आहे, मधे अरुंद, डमरूसारख्या आकाराचा. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अरुंद जागी प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले, एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसाच राहिला. विमानातून काढलेला तो फोटो गोड्या पाण्याच्या अभ्यासात सगळ्यांना माहीत आहे. कारण असं की निळं-हिरवं शेवाळ नायट्रोजन हवेतूनही मिळवू शकतं, फॉस्फरसला हवेतला साठाच नाही, तो आला तर मातीतून, दगडातून किंवा सांडपाण्यातूनच येणार.

पावसात भिजत घेतलेले नमुने

ऑक्टोबरात नमुने घेऊन काही कळत नसतं, तेव्हा पऱ्यात पाणीच नसतं. म्हणून पुढच्या जुलैपर्यंत थांबलो आणि धो धो पाऊस चालू असतानाच बाटल्या भरल्या. वर अण्णांच्या जुन्या कलमांच्या बागेखालून, मग त्यांच्याच नवीन प्लॉटखालून (या प्लॉटबद्दल पुढे सांगते), खाचरातून पाणी सुटतं तिथून, घरांच्या सांडपाण्याच्या गटारातून आणि तळीच्या तोंडाशी. एक सूचना ज्यांना असं करायचंय त्यांना, बाटली कपड्याच्या पावडरीने धुवू नका, पावडरीत फॉस्फेट असू शकतं, मग तळीतलं नव्हे तर पावडरीतलंच मोजत बसाल.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग केले. एक ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेला, म्हणजे फक्त विरघळलेला फॉस्फरस. दुसरा न गाळता, गढूळ तसाच, आम्ल नि परसल्फेट घालून उकळलेला, म्हणजे मातीच्या कणांवर बसलेलाही सुटून यावा. मग दोन्हींत मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड. फॉस्फेट असेल तर निळा रंग, जितकं जास्त तितका गडद. १९६२ पासून मर्फी आणि रायली यांच्या नावाने हीच पद्धत जगभर चालते, नीट करायची तर प्रयोगशाळेत, पण रंग नुसत्या डोळ्यालाही दिसतो आणि गावात दाखवायला तेच कामाचं.

नवीन प्लॉटखालची बाटली रात्रभर टेबलावर उभी ठेवली तर सकाळी तळाला दोन बोटं लाल गाळ, वरचं पाणी तरी चहासारखं नव्हे पण तांबूसच. ते पाणी गाळून टेस्ट केलं तर निळेपणा जेमतेम. न गाळता उकळलेल्याचा रंग इतका गडद की पातळ करून मोजावं लागलं. म्हणजे एकाच बाटलीतलं पाणी, गाळलं तर निर्दोष, न गाळलं तर भरलेलं. जुन्या बागेखालचं पाणी जवळजवळ नितळ, तिथे गवत होतं, पालापाचोळा होता, आणि गंमत म्हणजे त्या बागेला त्याच जूनमध्ये खत दिलेलं होतं, आळ्यात पुरून.

खाचराच्या पाण्यात गाळल्यावरही फिकट निळा रंग आला. लावणीच्या वेळी डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) वरून फेकलं की पहिले काही दिवस उभ्या पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट जास्त असतं, नंतर माती ते ओढून घेते. त्या दिवसांत जोराचा पाऊस आला, बांधावरून पाणी गेलं की तेवढं गेलं. शिवाय खाचर पाण्याखाली असलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, लोहाचं रूप बदलतं आणि चिकटलेलं फॉस्फेट थोडं मोकळं होतं, भाताला ते उपयोगीच पडतं, म्हणून जांभ्याच्या खाचरात स्फुरद न देता पण भात बऱ्यापैकी येतो. हीच प्रक्रिया पुढे तळीच्या तळाशी भेटणार आहे, लक्षात ठेवा.

गटाराचं पाणी गाळूनसुद्धा चांगलं निळं. पण धार बारीक. माणूस वर्षाला साधारण अर्धा किलोच्या आतबाहेर फॉस्फरस शरीराबाहेर टाकतो, आणि जांभा भोकाभोकांचा असल्यामुळे शोषखड्ड्यातलं पाणी कुठून कुठे निघेल सांगता येत नाही. पावसात हा वाटा लाल पाण्यापुढे किरकोळ, उन्हाळ्यात मात्र दुसरं काही येतच नाही तेव्हा हाच मोठा. त्यामुळे "आमच्या घराचा काही संबंध नाही" म्हणणाऱ्यांनाही मी सोडलं नाही.

नवीन प्लॉट

आता खरी गोष्ट. अण्णांनी हिरवी तळी झाली त्याच वर्षी मे महिन्यात जुन्या बागेचा एक तुकडा मोकळा केला होता. जुनी, उंच गेलेली, नीट न धरणारी कलमं काढून तिथे घन लागवड करायची, पूर्वी १० बाय १० मीटरवर हेक्टरी १०० झाडं बसायची, आता ५ बाय ५ वर ४००. जेसीबी आणला, उतार सपाट करून टप्पे पाडले. जेसीबीवाला पहिलं काय करतो तर वरचा मातीचा थर खरवडून खालच्या कडेला लोटतो. कोकणात मुळात वरची माती वीतभर, तीच सगळी मोकळी होऊन पऱ्याच्या अगदी वरच्या बाजूला ढिगाने पडली. ना गडगा (दगडी बांध), ना चर, ना गवत. जूनमध्ये पाऊस सुरू.

या वरच्या थरात काय होतं याचा हिशोब कागदावरच करता येतो. दहा वर्षांवरच्या आंब्याला शिफारस आहे वर्षाला झाडामागे दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश, सोबत शेणखत. स्फुरद म्हणजे पोत्यावरचा पी-टू-ओ-फाइव्हचा आकडा, त्याला ०.४४ ने गुणलं की खरा फॉस्फरस. म्हणजे १०० झाडांना ५० किलो स्फुरद, त्यात फॉस्फरस २२ किलो, दर हेक्टरी दर वर्षी, डोस पूर्ण दिला तर. बागेतून बाहेर काय जातं? आंब्याच्या १०० ग्रॅम गरात फॉस्फरस १४ मिलिग्रॅमच्या आसपास. हेक्टरी अडीच टन आंबा गेला, बाठा-साल धरून जरा जास्तच पकडलं, तरी किलोच्या आत. बाकीचे वीस-एकवीस किलो तिथेच, लोहाला चिकटून, आणि चिकटून म्हणजे वरच्याच थरात, कारण ही माती त्याला खाली जाऊच देत नाही. वीस वर्षांत हेक्टरी ४०० किलोच्या वर. निम्मा डोस दिला असं धरा, तरी २००.

आता तळीची गरज बघा. हिशोबासाठी तळी ४० मीटर लांब, २५ रुंद, सरासरी अडीच मीटर खोल धरू, म्हणजे २५०० घनमीटर, २५ लाख लिटर. एवढ्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम फॉस्फरस व्हायला, म्हणजे चांगलंच हिरवं व्हायला, लागतो १२५ ग्रॅम. सव्वाशे ग्रॅम! डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात जवळपास १० किलो असतो. आणि माती? किलोला अर्धा ग्रॅम एकूण फॉस्फरस धरला तर एक ब्रास (शंभर घनफूट) माती, ओली मोकळी साधारण चार टन, म्हणजे दोन किलो फॉस्फरस. त्यातले शंभरातले सहा-सात भाग जरी तळीत सुटले तरी काम झालं. जेसीबीने किती ब्रास लोटली असेल याचा अंदाज ज्याने कधी ट्रॅक्टरने माती भरलीय त्याला येईल.

म्हणून माझं म्हणणं बैठकीत एवढंच होतं की तळीत आलेलं खत या वर्षीचं नाही आणि ते विरघळून आलेलं नाही. वीस वर्षांचं साठलेलं, मातीच्या कणांवर बसून आलेलं. अण्णांना हे अर्धं पटलं, अर्धं नाही, कारण खताच्या आरोपातून सुटले पण जेसीबीच्या आरोपात सापडले. एक बारकावा मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवा, खालून उघडी पडलेली कोरी लाल माती, जिला कधी खत लागलंच नाही, ती उलट पाण्यातलं फॉस्फेट खेचून घेते. लाल पाणी दिसलं की फॉस्फरस असंच नाही. या ढिगात वरची काळपट माती होती म्हणून घात झाला.

पाऊस नुसती माती नेत नाही, निवडून नेतो. वाळू-खडे मागे राहतात, बारीक चिकणमाती आणि कुजलेला पाला पुढे जातो, आणि फॉस्फरस बहुतांश याच बारीक भागावर बसलेला. म्हणून पऱ्यातला गाळ मूळ मातीपेक्षा श्रीमंत असतो. हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला ६४.५ मिलिमीटरच्या वर मुसळधार, ११५.६ च्या वर अति मुसळधार, आणि आपल्याकडे जुलैत असे दिवस काही नवलाचे नाहीत. वर्षभराची गळती अशा मोजक्या दिवसांतच होऊन जाते, मधल्या रिमझिमीत पऱ्या नितळच असतो. नितळ दिवशी नमुना घेतला की रिपोर्ट छान येतो हेही त्यातच आलं.

मग जुलैत का नाही हिरवी झाली

हा प्रश्न सगळ्यांना पडला होता आणि म्हणूनच लोक सप्टेंबर-ऑक्टोबरातलं काहीतरी कारण शोधत होते. जुलै-ऑगस्टमध्ये तळीचं पाणी लाल गढूळ, आत ऊन शिरत नाही, वर ढग, आणि पाणी सतत बदलतंय, शेवाळाला जम बसवायला वेळच नाही. पाऊस थांबला, पाणी स्थिर झालं, गाळ खाली बसला, ऊन तापलं. सगळी तयारी झाल्यावर त्याने डोकं वर काढलं.

पुढे तळाशी वेगळाच कारभार. शेवाळ मरतं, खाली जातं, कुजताना तळाचा ऑक्सिजन खाऊन टाकतं. ऑक्सिजन संपला की गाळातलं लोह फेरिकचं फेरस होतं, विरघळतं, आणि त्याला धरून बसलेलं फॉस्फेट मोकळं. खाचरात होतं तेच. आम्ही बांबूने तळाचा गाळ ढवळून वर काढला तर वरून लाल दिसणारा गाळ आतून काळाकुट्ट, सडक्या अंड्याचा वास. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा आणि काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. लोह असं सल्फाइडात अडकलं की परत फॉस्फेट धरायला मोकळं राहत नाही, म्हणजे एकदा सुटलेलं फॉस्फेट पाण्यातच फिरत राहतं. थोडक्यात, वरून माती यायची बंद झाली तरी तळी पुढची काही वर्षं स्वतःच्याच तळातून खत घेत राहणार. हे ऐकून लोकांचे चेहरे पडले पण खोटं कशाला सांगायचं.

उपाय, केलेले आणि न केलेले

पहिली सूचना आली ब्लीचिंग पावडर टाका. टाकून शेवाळ मरेल, मेलेलं कुजेल, त्यातला फॉस्फरस परत पाण्यात, ऑक्सिजन आणखी कमी, मासे आधी जातील. नको. दुसरी सूचना तुरटीची, ही तितकी वेडगळ नाही, ॲल्युमिनियम फॉस्फेटला पकडतं आणि लोहासारखं ऑक्सिजन गेला म्हणून सोडत नाही, अमेरिकेत तलावांना असा डोस देतात. पण आपलं पाणी मऊ, आम्ल झेपण्याची ताकद कमी, डोस चुकला तर सामू पडतो आणि विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांना घातक. नीट मोजमाप करणारं कोणी उभं नसेल तर त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

तिसरी, तळीच्या तोंडाशी गाळखड्डा. हा ग्रामपंचायतीला फार आवडला कारण दिसतो, फोटो निघतो, बिल निघतं. खड्डा करा, हरकत नाही, पण त्यात काय बसतं ते समजून करा. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली यायला दोनेक मिनिटं घेतो, दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण तेवढंच अंतर उतरायला तीन दिवसांच्या वर. पऱ्याचं पाणी खड्ड्यात मिनिटभरसुद्धा थांबत नाही. खड्ड्यात वाळू अडकते, फॉस्फरस पुढे जातो.

म्हणून माती जिथून सुटते तिथेच धरायची. अण्णांनी, कुरकुरत का होईना, ढिगाच्या खालच्या बाजूला जांभ्याचा कोरडा गडगा घातला, टप्प्यांवर समपातळीत चर मारले आणि कडेला वाळा लावला. ढिगातली शिल्लक काळपट माती उचलून नवीन रोपांच्या खड्ड्यांत भरली, त्यांचीच माती त्यांच्या कामी आली, खतही वाचलं. सगळ्यात वादाचा मुद्दा निघाला बेणणीचा, म्हणजे बागेतलं गवत-तण काढण्याचा. बाग स्वच्छ दिसली पाहिजे हा आपल्याकडे इभ्रतीचा प्रश्न, आता तर मजूर मिळत नाहीत म्हणून तणनाशक मारून जमीन उघडी करतात. ग्लायफोसेटच्या रेणूत फॉस्फरस असतो हे खरं, पण फवारणीतून पडणारा इतका थोडा की तो विषयच नाही, खरं नुकसान आहे उघड्या जमिनीचं. पावसात गवत वाढू द्या, पाऊस ओसरल्यावर कापा, आणि कापलेलं तिथेच झाडाखाली पसरा. यावर अण्णा म्हणाले, "लोक म्हणतील बाग सोडलीन." म्हणोत.

खाचरवाल्यांना सांगितलं की डीएपी फेकून लगेच पाणी सोडू नका, बांधाची उंची जरा वाढवा, ऑरेंज अलर्ट असेल तर खत दोन दिवस पुढे ढकला. यापेक्षा चांगलं म्हणजे चारसूत्री पद्धतीतल्या युरिया-डीएपीच्या गोळ्या, २.७ ग्रॅमची एक गोळी चार चुडांच्या मधे ७ ते १० सेंटीमीटर चिखलात दाबायची, खत पाण्यात येतच नाही. हात दुखतात, बायका वैतागतात, हेही खरं, दोन घरांनी केलं, बाकीच्यांनी नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांच्या सगुणा राईस तंत्रात तर चिखलणीच नाही, गादीवाफ्यावर टोकण, त्यामुळे लाल पाणी सुटायचा एक मोठा मोकाच जातो, पण वाडीत त्याला अजून कोणी हात घातलेला नाही.

कपडे धुण्याचा दगड तळीच्या काठावरून सांडव्याच्या खाली हलवला. हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त बोलणी याच्यावर खाल्ली.

राहिला तळाचा गाळ. मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावर काढला, ट्रॅक्टर लावून. राज्य सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे, तिचा विचार झाला पण कागदपत्रांत मे निघून गेला असता म्हणून वर्गणी काढली. निम्मा गाळ वरकस जमिनीत गेला, नाचणीला चांगला लागेल असं मामी सांगते. उरलेला निम्मा तळीच्या काठावरच लोटून ठेवलाय, कारण वर्गणी संपली. तो तिथेच राहिला तर पहिल्या मोठ्या पावसात जिथून आला तिथे परत जाणार, हे मी ग्रामसभेत सांगितलंय, लेखी दिलंय. पाणी आता पूर्वीइतकं पोपटी नाही, पांढरी ताटली दोरीला बांधून सोडली तर आधी हातभरातच गायब व्हायची ती आता कमरेइतक्या खोलीपर्यंत दिसते, पहाटे मासे वर येत नाहीत. उरलेला गाळ उचलायच्या ट्रॅक्टरचं भाडं अण्णांनी एकट्याने द्यायचं की तळीखाली वायंगणी करणाऱ्यांनीही वाटून घ्यायचं यावर मात्र अजून अडून बसलेत, आणि मे संपायला आलाय.